काल्याच्या दिवशीचे पंधरा हजार ग्लास

प्रश्न: आमचं गाव परभणी जिल्ह्यात. हनुमान जयंतीला अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता होते आणि काल्याच्या दिवशी पाच हजारांच्या आसपास माणूस जेवतं. पाण्याला प्लास्टिकचे ग्लास, चहाला कागदी कप. दुसऱ्या दिवशी सगळं देवळामागे लोटून पेटवून देतात. यंदा आम्ही पोरांनी ग्लास-कप गोळा करून रिसायकलिंगला द्यायचं ठरवलंय, पण भंगारवाला घेत नाही म्हणतो. मग द्यायचे कुणाला? स्टीलचे ग्लास आणावेत म्हटलं तर म्हातारी माणसं म्हणतात, गावाला टँकर चालू आहे, धुवायला पाणी कुठून आणता?

उत्तर:

भंगारवाला तुम्हाला टाळत नाहीये, त्याचा हिशोब बरोबर आहे. पाण्याचा पातळ ग्लास दीड ते दोन ग्रॅम भरतो. म्हणजे किलोभर व्हायला पाचशे-सहाशे ग्लास उचलावे लागतात, तेही कोरडे. पाण्याची लिटरची रिकामी बाटली वीसेक ग्रॅमची असते, पन्नास उचलल्या की किलो झाला. कचरा वेचणारी बाई एका बाटलीसाठी एकदा वाकते. तेवढंच वजन ग्लासांतून मिळवायला तिला दहादा वाकावं लागतं, आणि त्या दहातल्या चार ग्लासांत ताक नाहीतर सुपारीची पिंक असते. कुठल्याही यात्रेनंतर जाऊन बघा, बाटल्या दुपारपर्यंत गायब झालेल्या असतात आणि ग्लास पहिल्या पावसापर्यंत तिथेच लोळत असतात.

आता तुमच्या गावाचा हिशोब मांडू. माणशी एक ग्लास कधीच लागत नाही. आल्यावर एक, पंगतीत एक, हात धुऊन उठल्यावर आणखी एक. आपला ग्लास कुणी सांभाळून ठेवत नाही. पाच हजार माणसांचे पंधरा हजार ग्लास धरा. दोन ग्रॅमच्या दराने ते ३० किलो झाले. समजा कुणी किलोला दहा रुपये दिले, तर हातात ३०० रुपये आले. सुटे टाकले तर हे ३० किलो ट्रॅक्टरची अख्खी ट्रॉली अडवतात आणि छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, करून तालुक्याला न्यायचं भाडंच ३०० च्या वर जातं. या कामात मला भेटणारे बहुतेक उत्साही लोक इथेच अडकतात. वस्तू रिसायकल होऊ शकते, हे खरं. पण ती गोळा होऊन, निवडून, धुऊन, वजनाने परवडेल इतकी साठून कारखान्याच्या दारात पोचली तरच होते. कपाच्या बाबतीत या साखळीतली पहिलीच कडी तुटलेली असते.

म्हणून ग्लास मुळात आणूच नयेत हे उत्तम. तरीही पहिल्या वर्षी थोडेफार ग्लास येणारच, तुम्ही कितीही बंदी घाला. म्हणून आधी त्यांची व्यवस्था सांगतो.

सगळे ग्लास एका जातीचे नसतात आणि मिसळले की कवडीमोल होतात. दाबला की वाकतो, सोडला की पुन्हा उभा राहतो, थोडा धुरकट दिसतो तो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा. बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. सप्ताह-लग्नातला पाण्याचा साधा ग्लास बहुतेक वेळा हाच. काचेसारखा स्वच्छ, टणक, दाबल्यावर कडकन तडकणारा आणि तडकताना पांढरी रेघ पडणारा तो पॉलिस्टायरीनचा, आकडा ६. कोल्ड कॉफीचा, फुगीर झाकणाचा पारदर्शक ग्लास बाटलीच्याच जातीचा म्हणजे पेटचा असतो, आकडा १. आकडा पुसट असेल तर तुकडा कापून पाण्याच्या बादलीत बुडवून सोडा. पीपी पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. पॉलिस्टायरीन आणि पेट तळाला जातात. पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं की पॉलिस्टायरीनही वर येतं, पेट मात्र खालीच राहतं. भंगाराच्या गोदामात काम करणारी पोरं हे न बघताही, नुसत्या आवाजावरून ओळखतात.

पीपी वेगळं काढलं तर त्याला गिऱ्हाईक आहे. त्याचा चुरा होतो, धुऊन वितळवून दाणा होतो, आणि त्या दाण्यातून कुंड्या, घमेली, काळे क्रेट असलं काहीतरी निघतं. प्यायचा ग्लास पुन्हा प्यायचा ग्लास होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

गोळा करायला डस्टबिन ठेवू नका. डस्टबिन दिसली की लोक त्यात पत्रावळ, भात, नारळाची शेंडी सगळं टाकतात. शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे कुणाच्याही आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, सापडतात. ९० किंवा ११० मिलिमीटरचा पाइप कंबरेएवढा कापा, खालचं तोंड बंद करा आणि खांबाला उभा बांधा. त्यात ग्लासच जातो, दुसरं काही मावत नाही, आणि ग्लास आपोआप एकात एक बसतात. शंभर ग्लास एकात एक बसले की पाऊण मीटरची उभी चळत होते. सुटे असते तर अर्धं पोतं भरलं असतं. पाइपाशेजारी एक बादली ठेवा, उरलेलं पाणी, ताक, चहा त्यात ओतायला. ही बादली ठेवली नाही तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाते, कारण ओल्या ग्लासांना दोन दिवसांत वास सुटतो आणि मग पोतं कुणी दारात उभं करू देत नाही. पाइपाजवळ पहिल्या दोन पंगतींना एक पोरगा उभा करा. पुढच्या पंगती आधीच्यांचं बघून करतात.

आता द्यायचे कुणाला. भंगारवाल्याकडे जाऊ नका, पंचायत समितीत जा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र धरलेलं होतं आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्याला १६ लाखांपर्यंत निधीची तरतूद होती. तुमच्या तालुक्यात ते चालू आहे का, असेल तर पीपी घेतात का, कुठल्या वारी गाडी फिरते, हे ग्रामसेवकाकडून सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस लेखी विचारून घ्या. केंद्र बंद असेल तर जवळच्या नगरपालिकेच्या सुका कचरा केंद्राला विचारा. या दोन्ही ठिकाणी तुमचे ३० किलो दुसऱ्या गावांच्या मालात मिसळून टनावारी जातात, तिथेच ते परवडतं. पैसे मागू नका. कोरडा, निवडलेला माल फुकट देतो म्हणालात तर नाही म्हणणारा क्वचित भेटतो. आणि पोती आठवडाभर ठेवायची जागा आधी ठरवा. देवळाच्या ओसरीत ठेवली तर एकादशीच्या आत कुणीतरी पेटवणार.

पेटवण्याबद्दल एकच सांगतो. पॉलिस्टायरीन उघड्यावर जळताना जो दाट काळा धूर आणि काजळी निघते, ती पहिल्यांदा जाते ती देवळाशेजारच्या घरांत. भिंती बघा त्यांच्या. दुसरं, अर्धवट जळालेला गोळा मातीत बसतो आणि तो नंतर कुठल्याच कामाचा राहत नाही. निवडताना जे उरेल, म्हणजे थर्माकोलचे तुकडे, चिकट पन्न्या, मिश्र प्लास्टिक, ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं. चंद्रपूर, सोलापूर आणि पलीकडे कलबुर्गीच्या पट्ट्यात असे कारखाने आहेत, पण तेही तालुक्याच्या केंद्रामार्फत, गावाने परस्पर नाही.

‘गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकू’ किंवा ‘नगरपालिकेच्या डेपोवर पाठवू’ असं कुणी म्हणेल. त्याला छत्रपती संभाजीनगरची आठवण द्या. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या डेपोभोवतालच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर कित्येक आठवडे कचऱ्यात बसलं. मार्चमध्ये शहरालगतच्या मिटमिट्याला याच कचऱ्यावरून दगडफेक, जाळपोळ झाली. आपला कचरा दुसऱ्याच्या शिवारात टाकायचे दिवस मराठवाड्यात तेव्हाच संपले.

प्लास्टिकचे रस्ते करतात म्हणे, त्याला देता येतील का, हेही तुम्ही पुढे विचारालच. करतात. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी ते तंत्र काढलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक घालतात. ग्लासाचं पीपी चालतं. पण एका पदरी रस्त्याच्या किलोमीटरला साधारण टनभर प्लास्टिक धरतात, म्हणजे पाच लाख ग्लास, तेही धुतलेले, कोरडे आणि बारीक चुरा केलेले. म्हणजे इथेही वाट तालुक्याच्या केंद्रातूनच जाते.

कागदी कपांचं काय? ते वेगळं प्रकरण आहे आणि माझ्या मते जास्त फसवं. कागदाला आतून पॉलिथीनचा पातळ थर दिलेला असतो, नाहीतर चहा कागदातून झिरपला असता. वापरलेला कप रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी कागद चोळून काढा, पारदर्शक पापुद्रा हातात राहतो. साध्या पेपर मिलला हा पापुद्रा नको असतो, तो वेगळा काढायची खास यंत्रणा लागते, आणि आपल्या भागातला रद्दीवाला कागदी कप घेत नाही तो यामुळेच. प्लास्टिकवाला म्हणतो हा कागद आहे, कागदवाला म्हणतो हे प्लास्टिक आहे. उकिरड्यात टाकला तर कागद कुजतो आणि पापुद्र्याचे तुकडे शेणखताबरोबर शेतात जातात. वर तो आरोग्याला चांगला म्हणावा तर तेही नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की असा कप ८५ ते ९० अंशांच्या गरम पाण्याने भरून पंधरा मिनिटं ठेवला तर १०० मिलिलिटरमागे सूक्ष्म प्लास्टिकचे सुमारे २५,००० कण पाण्यात उतरतात. चहा आपण पंधरा मिनिटं धरून बसत नाही हे मान्य, पण काकड्याच्या वेळी थर्मासमधून ओतून ठेवलेल्या कपांची रांग तेवढा वेळ पडून असतेच.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या कपांना भुलू नका. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए नावाचं प्लास्टिक कुजतं, पण सगळीकडे सारखी साठेक अंशांची उष्णता आणि ओल धरून ठेवणाऱ्या मोठ्या खत प्रकल्पात. तुमच्या उकिरड्यात ती उष्णता टिकत नाही आणि ओढ्यात तर प्रश्नच नाही. त्यातून हे कप पीपीच्या पोत्यात मिसळले तर तो मालही बिघडतो. प्रकल्प गावात नसेल तर हा कप तुमच्यासाठी प्लास्टिकच आहे, फक्त महाग. कुल्हड वीस-पंचवीस माणसांच्या हॉटेलात शोभतं. पाच हजारांसाठी आणायचं म्हणजे भट्टीचं लाकूड, वाहतूक, फूट, आणि शेवटी भाजलेल्या मातीचा ढीग, जो पुन्हा माती होत नाही. पळसाचे द्रोण प्रसादाला उत्तम आहेत, किनवट-माहूरकडून पूर्वी गाड्या भरून यायचे, पण द्रोणात पाणी किती वेळ धरणार?

तुम्ही विचारलं नाही, तरी कायद्याचं सांगतो, कारण गावच्या बैठकीत तो उपयोगी पडतो. तुम्ही ज्या ग्लासांची विल्हेवाट विचारताय ते विकायला आणि वापरायला महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून बंदी आहे. पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. केंद्र सरकारची बंदी १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशाला लागू झाली, तीत प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे सगळं आलं. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कपही बंदीच्या यादीत घेतले. नंतर प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्टेबल वस्तूंना सवलत दिली. किराणा दुकानात पाकिटं मिळतात म्हणून ती कायदेशीर ठरत नाहीत. वापरलेले ग्लास गोळा करणं गुन्हा नाही, त्याची भीती बाळगू नका. पण सप्ताह कमिटीच्या नावाने शेकड्यांनी पाकिटांची पावती फाडणं म्हणजे काय, हे कमिटीच्या अध्यक्षांना एकदा शांतपणे दाखवा. पर्यावरणावरच्या भाषणाला जांभया देणारी माणसं दंडाचा आकडा ऐकून सरळ बसतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाण्याचा. मला खरं तर त्यावरच लिहायचं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, अशा मुलखात ‘धुवायला पाणी कुठलं’ हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. काही शहरी कार्यकर्ते सांगतात की ग्लास बनवायलाही कारखान्यात पाणी लागतं. लागत असेल, पण ते तुमच्या टँकरमधून जात नाही, त्यामुळे तो मुद्दा गावात मांडू नका. आपण आपल्या टँकरचाच हिशोब करू.

ग्लास नळाखाली धुतला तर लिटर-दीड लिटर सहज जातं. त्या पद्धतीने स्टील परवडणारच नाही, म्हाताऱ्या माणसांचं बरोबर आहे. पण पन्नास-पन्नास लिटरचे तीन टब ओळीने मांडा. पहिल्यात थोडं साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात स्वच्छ पाणी आणि त्यात निर्जंतुकीचं औषध. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला एक मिलिलिटर, म्हणजे टबाला ५० मिलिलिटर. पाण्याच्या ग्लासाला तेल-तूप लागलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या टबात घासणं नावापुरतंच. दोनेकशे ग्लास झाले की पहिल्या टबाचं पाणी ओतून द्या. दुसऱ्याचं पाणी पहिल्यात घ्या, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी फक्त तिसऱ्यात घाला. म्हणजे दोनशे ग्लासांना ताजं पाणी लागलं ५० लिटर, ग्लासामागे पाव लिटर. तिसऱ्या टबात मिनिटभर बुडवून काढा आणि जाळीवर किंवा बाजेवर पालथे घाला. फडक्याने पुसू नका, जंतू परत फडक्यानेच लागतात.

पाच हजार माणसांचे पाच हजार ग्लास धुतले तर साडेबाराशे लिटर. माणशी तीन ग्लास मी वर धरले होते, पण स्टीलला ते तीन राहत नाहीत. वाढपी जग घेऊन फिरतात आणि त्याच ग्लासात पुन्हा पाणी देतात. आपल्याकडची माणसं बरीचशी वरूनच पितात, हीही मोठी सोय आहे. सांडलवंड, सुरुवातीचे तीन टब, शेवटची धुणी मिळून दोन हजार लिटर धरा. पाच हजार लिटरच्या टँकरचा अर्धासुद्धा भाग नाही. त्या दिवशी आचारी भांडी घासायला, तांदूळ धुवायला किती पाणी ओततो ते एकदा उभं राहून बघा, म्हणजे ग्लासांचं पाणी कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. पहिल्या टबातलं ओतलेलं पाणी मंडपासमोरच्या वाटेवर शिंपडा, चैत्रात धूळ बसवायला पाणी लागतंच.

ग्लास विकत किती घ्यायचे, याचा लोक उगाच धसका घेतात. पाच हजार माणसं एकदम जेवत नाहीत. तुमच्या मंडपात पंगत पाचशेची बसत असेल तर पाचशे ग्लास पानावर, पाचशे धुण्यात नाहीतर वाळत, आणि शंभर-दोनशे जारपाशी. हजार-बाराशे ग्लासांत काम भागतं. तालुक्याच्या बिछायत केंद्रात एवढे ग्लास भाड्याने मिळतात. एका केंद्राकडे कमी पडले तर दोघांकडून घ्या, फक्त खुणा वेगळ्या असाव्यात. भाड्याची तुलना करताना नुसत्या पाकिटांच्या किमतीशी करू नका, पाकिटं अधिक दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्यांची मजुरी, अशी करा.

दोन-तीन वर्षांत गावाचे स्वतःचे ग्लास करायचे असतील तर वर्गणी मागू नका. घाऊक बाजारात स्टील वजनावर मिळतं, शंभर ग्लासांचा एक संच किती किलोचा आणि किती रुपयांचा, हे काढून फळ्यावर लिहा. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं नाव घालून भांडं देवळाला देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बारा कुटुंबांनी एकेक संच दिला की काम झालं. नाव घातलेल्या ग्लासाचा आणखी एक फायदा असा की तो फारसा हरवत नाही. दुसऱ्याच्या आजोबांचं नाव असलेल्या ग्लासात रोज घरी पाणी प्यायला माणसाला जरा कसंतरीच वाटतं. तरी तूट येणारच, वर्षाला शेकडा दोन-चार धरून चला. मोजदाद सोपी व्हावी म्हणून शंभराच्या गोण्या करा आणि गोणीवर आकडा टाका. जारचा कोपरा मंडपाच्या आत ठेवा. ग्लास गाड्या लावल्यात त्या बाजूला गेला की परत येत नाही.

इतका हिशोब मांडल्यावर बैठकीत पाण्याचा मुद्दा हळूच बाजूला पडतो आणि खरा मुद्दा वर येतो. ग्लास धुणार कोण? माझ्या अनुभवात स्टीलचा बेत पाण्यामुळे फसलेला मी क्वचित पाहिलाय, हातांअभावी फसलेले पुष्कळ. पहिल्या वर्षी उत्साहाने ठरतं, मग काल्याच्या दिवशी ज्यांनी ठरवलं ते सगळे कीर्तनाला पुढे बसलेले असतात आणि टबांपाशी त्याच चार-पाच बाया दिसतात ज्या सात दिवस भाकरी थापत होत्या. पुढच्या वर्षी त्या बाया गप्प राहतात आणि कुणीतरी पाकिटं आणतं. त्यांना दोष देता येत नाही. डिस्पोजेबल ग्लास गावात आला तो याच कष्टातून सुटका म्हणून, आणि तो काढायचा तर ते कष्ट पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकणं मला तरी पटत नाही.

त्यामुळे धुण्याची पाळी लिहून काढा, पंगत वाढायची लिहितात तशी. दोनशे ग्लासांना एका टब-रांगेवर तीन माणसं पुरतात, दोन रांगा मांडल्या तर सहा, दर दोन पंगतींना बदली. पुरुषांची नावं आधी लिहा. जमत नसेल तर गावातल्या किंवा शेजारच्या बचत गटाला चक्क मजुरी ठरवून द्या आणि ती खर्चाच्या पाटीवर आचाऱ्याच्या खालोखाल लिहा. कुणी म्हणेल देवाच्या कामाला मजुरी कसली, त्याला नांदेडला घेऊन जा. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये रोज हजारो माणसं स्टीलच्या ताटात जेवतात आणि ती ताटं धुणं हीच सेवा समजली जाते. मोटारीतून आलेला माणूसही बाह्या सारून तिथे उभा राहतो. आपल्या सप्ताहात वाढणं मानाचं आणि धुणं कमीपणाचं आहे, तेवढं बदलता आलं तर मजुरीची गरजच नाही. नाही बदललं तर मजुरी द्या. दोन्ही नको असेल तर मग स्टीलच्या गप्पा सोडा आणि पाइपाचे तुकडे जमवा.

सुरुवात मात्र काल्यापासून करू नका. सात दिवस काकड्याला, हरिपाठाला आणि रात्रीच्या जागराला येणारे टाळकरी, विणेकरी, पखवाजी हे तेच ते शे-दीडशे लोक असतात, आणि दिवसातून तीन-चारदा चहा पितात. सात दिवसांचे ते तीन-चार हजार कागदी कप झाले. यांना पहिल्याच दिवशी सांगा, प्रत्येकाने आपलं फुलपात्र किंवा कप आणायचा, खुंटीला पिशवीत टांगायचा. टाळ स्वतःचे आणणाऱ्या माणसाला कप जड होत नाही. आपला कप तो आपणच विसळतो, म्हणजे धुणार कोण हा वादही मिटतो. हे पहिल्या वर्षी फारसा खर्च न होता जमतं आणि काल्याच्या दिवशी स्टीलचा विषय काढायला गावात शे-दीडशे माणसं आधीच तुमच्या बाजूची होतात.

स्टँडवरच्या हॉटेलवाल्यांचं थोडक्यात सांगतो. तिथे बसून पिणाऱ्यांना काचेचे ग्लास अजून आहेत, कप वाढवतो तो पार्सल चहा, पातळ पन्नीत ओतलेला गरम चहा आणि वर कपांची चळत. बँक, सोसायटी, ग्रामपंचायत, शाळा ही ठरलेली गिऱ्हाइकं. त्यांनी आपापला थर्मास आणि सहा-आठ कप ठेवले की पार्सल थांबतं. हॉटेलवाल्याची त्याला हरकत नसते, पन्नी आणि कपांचा खर्च त्याचाच वाचतो.

शेवटची गोष्ट जारवाल्याची. थंड पाण्याचे जार सांगितले की बरेच जण त्यासोबत ग्लासांची पाकिटं फुकट टाकून जातात, आणि आलेलं पाकीट फुटल्याशिवाय राहत नाही. ऑर्डर देतानाच सांगा की ग्लास आणायचे नाहीत, पाकिटं आली तर जार उतरवून घेणार नाही, आणि त्याबदल्यात जारच्या दरात काही कमी करतो का तेही विचारा. आचाऱ्यालाही तेच सांगा, त्याच्या सामानाच्या यादीत ग्लास-कप असतातच. यादी हाती आली की त्या ओळीवर तुमच्यापैकी एकाने स्वतः काट मारायची, आणि सामान उतरवायला ट्रॉलीपाशीही त्यानेच उभं राहायचं.